बेटावरचा पाटील

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ एक खासगी बेट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे एक पाटील येतो. आठ वर्षांचा असताना तो पहिल्यांदा आला आणि मग येतच राहिला. बेट त्याचं नाही. बेटावरच्या चार घरांपैकी एकही त्याचं नाही. तिथली बाकीची माणसं गोरी, उंच, सोनेरी केसांची, टेनिस खेळणारी आणि एकाच रक्ताची. पाटलाचा काका त्या घराण्यातल्या थोरल्या मुलीचा जोडीदार आहे, म्हणून पुतण्याही सोबत येतो. घराण्याचे प्रमुख असलेले आजोबा त्याची चौकशी करतात, त्याला पंगतीला बसवतात, वाईट शब्द कधी बोलत नाहीत. मात्र ते त्याला नावानं हाक मारत नाहीत. त्यांच्या तोंडी तो कायम नुसता ‘तरुण माणूस’ असतो.

हा गॅट पाटील म्हणजे ई. लॉकहार्ट या अमेरिकी लेखिकेच्या ‘वुई वेअर लायर्स’ या कादंबरीतला नायक. २०१४च्या मे महिन्यात ही कादंबरी आली. त्या वर्षी ‘गुडरीड्स’च्या वाचकांनी किशोर-तरुणांसाठीची सर्वोत्तम कादंबरी म्हणून तिचीच निवड केली. सहा वर्षांनी, करोनाच्या काळात, टिकटॉकवर मुलींनी हे पुस्तक वाचून रडतानाचे व्हिडिओ टाकले आणि ते पुन्हा खपाच्या याद्यांत चढलं. २०२५च्या जूनमध्ये त्यावर आठ भागांची मालिका ‘प्राइम व्हिडिओ’वर आली. पंधरा-सोळा वर्षांच्या श्रीमंत मुलांची ही गोष्ट इतक्या जणांना का लागली, हे समजून घ्यायचं तर आधी लेखिकेकडे आणि ती ज्या परंपरेत लिहिते तिच्याकडे पाहावं लागतं.

ई. लॉकहार्ट हे टोपणनाव. लेखिकेचं नाव एमिली जेन्किन्स. आईकडच्या आजीचं आडनाव त्यांनी किशोरांच्या कादंबऱ्यांसाठी घेतलं आणि लहान मुलांची पुस्तकं मूळ नावानं लिहीत राहिल्या. जन्म १९६७चा, न्यूयॉर्कमधला. वडील लेन जेन्किन हे नाटककार. बालपण केंब्रिज आणि सिॲटल या शहरांत गेलं. शाळा लेकसाइड, म्हणजे बिल गेट्स जिथे शिकले ती सिॲटलची खासगी शाळा. पुढे व्हासार कॉलेज आणि मग कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी साहित्याची डॉक्टरेट. हा तपशील नुसता परिचयापुरता नाही. लॉकहार्ट यांच्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीखाली एखादं जुनं पुस्तक पायासारखं असतं. कुठे वुडहाउस, कुठे ब्राँटे, कुठे शेक्सपिअर. आणि पैसेवाल्या घरांतल्या मुलांना खास शाळांत नेमकं काय शिकवलं जातं, काय न बोलता अंगवळणी पाडलं जातं, याची त्यांची जाण वरवरची वाटत नाही.

अमेरिकेत बारा ते अठरा या वयासाठीच्या साहित्याला ‘यंग अडल्ट’ म्हणतात. ग्रंथालयांत त्याचे वेगळे कप्पे असतात, स्वतंत्र पुरस्कार असतात, आणि मोठी माणसंही ती पुस्तकं मोठ्या संख्येनं वाचतात. या प्रकाराचा पाया ज्या पुस्तकानं घातला असं मानलं जातं, त्यातच श्रीमंत आणि गरीब मुलांची उघड मारामारी आहे. एस. ई. हिंटन यांनी ‘द आउटसायडर्स’ लिहायला घेतलं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. १९६७ साली पुस्तक आलं तेव्हा अठरा. ओक्लाहोमामधल्या टल्सा शहरात वाढलेल्या हिंटन यांनी शाळेतले दोन तट जसेच्या तसे उचलले. एकीकडे चांगल्या वस्तीतली, मोटारी उडवणारी मुलं आणि दुसरीकडे केसांना तेल चोपडणारी, कामगार घरांतली. गोष्ट गरीब बाजूनं सांगितलेली आहे. त्याआधी १९५१ साली सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’मधला होल्डन कॉलफील्ड महागड्या निवासी शाळेतून काढला जाऊन न्यूयॉर्कमध्ये भटकून आला होता. पुस्तक प्रौढांसाठी लिहिलेलं, पण किशोरांनी ते आपलं करून टाकलं. होल्डनकडे पैसा भरपूर आहे, घर मॅनहॅटनमध्ये आहे, आणि त्याला कुठेच जागा नाही.

मग दिवस पालटले. १९८३मध्ये फ्रान्सीन पास्कल यांनी ‘स्वीट व्हॅली हाय’ ही मालिका सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या सोनेरी केसांच्या जुळ्या बहिणी, ऊन, पोहण्याचा तलाव, मोटार. पास्कल आराखडा आखत आणि दुसरे लेखक केट विल्यम या नावानं पुस्तकं लिहून काढत. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी माध्यमातल्या कितीतरी मुलींनी ही पातळ पुस्तकं वाचनालयांतून घरी नेलेली आहेत. तिथे श्रीमंती ही हवेसारखी होती, तिच्याबद्दल कुणी विचारत नव्हतं.

२००२मध्ये सेसिली फॉन झीगेझार यांचं ‘गॉसिप गर्ल’ आलं आणि श्रीमंती हाच विषय झाला. झीगेझार स्वतः मॅनहॅटनच्या अपर ईस्ट साइडमधल्या नाइटिंगेल-बॅमफर्ड या मुलींच्या खासगी शाळेत शिकलेल्या. पुस्तकातली कॉन्स्टन्स बिलार्ड शाळा त्यावरूनच बेतलेली. त्या ‘अलॉय’ नावाच्या कंपनीत काम करत होत्या. ही कंपनी पुस्तकांच्या कल्पना घरातच तयार करायची, लेखक शोधायची आणि तयार मजकूर प्रकाशकाला विकायची. तिथल्याच कामातून ‘गॉसिप गर्ल’ जन्मलं. पहिले भाग झीगेझार यांनी लिहिले, पुढचे काही दुसऱ्यांनी. सेरीना, ब्लेअर आणि नेट यांच्या पार्ट्या, कपड्यांच्या कंपन्यांची नावं, मद्य, प्रेमाची अदलाबदल, आणि या सगळ्याची बातमी इंटरनेटवर फोडणारी एक निनावी मुलगी. फेसबुक यायला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता. शाळेतल्या प्रत्येकाचं खासगी आयुष्य कुणीतरी पडद्यावर टाकतंय, ही कल्पना तेव्हा चटकदार वाटली होती. आज ती कोणत्याही शाळेतली रोजची गोष्ट आहे.

या पुस्तकांवर जे वादळ उठलं ते वाचण्यासारखं आहे. अमेरिकी ग्रंथालय संघटना दरवर्षी जास्तीत जास्त तक्रारी आलेल्या पुस्तकांची यादी काढते. २००६च्या यादीत ‘गॉसिप गर्ल’ दुसऱ्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षी स्त्रीवादी लेखिका नेओमी वुल्फ यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये अशा पुस्तकांवर सविस्तर टीका केली. किशोरवयातली मोठी पुस्तकं प्रौढांच्या खोट्या जगावर बोट ठेवत आली आहेत, आणि ही पुस्तकं मात्र त्या जगात शिरायला आसुसलेली आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. दोन वर्षांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये जॅनेट माल्कम यांनी अगदी उलट बाजू घेतली. ब्लेअरसारखी दुष्ट आणि तरीही लोभस नायिका ही जुन्या इंग्रजी विनोदी कादंबरीची लेक आहे, असं त्यांनी आनंदानं दाखवून दिलं. दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. पण वुल्फ यांनी मागितलेली गोष्ट, म्हणजे श्रीमंत घराच्या आतून त्या घरावर बोट ठेवणारं किशोरांचं पुस्तक, लॉकहार्ट यांनी लिहिली.

पहिला मोठा प्रयत्न २००८ सालचा, ‘द डिसरेप्युटेबल हिस्टरी ऑफ फ्रँकी लँडाउ-बँक्स’. शाळा अलाबास्टर, मॅसॅच्युसेट्समधली निवासी शाळा. मोठ्या बापांची मुलं तिथे शिकतात आणि पुढे एकमेकांना नोकऱ्या, कंत्राटं, ओळखी पुरवत राहतात. फ्रँकीचे वडील तिथलेच माजी विद्यार्थी. ते आणि त्यांचे मित्र जुन्या दिवसांबद्दल बोलताना मध्येच थांबतात, हसतात, विषय बदलतात. कारण शाळेत मुलांची एक गुप्त मंडळी आहे, ‘बॅसेट हाउंड्स’, आणि ते तिचे सभासद होते. फ्रँकी मुलगी. घरात तिला लाडानं ‘बनी रॅबिट’ म्हणतात. तिचा मित्र मॅथ्यू हा वर्तमानपत्रांच्या मालकाचा मुलगा, आणि तोही मंडळीत आहे. तो तिच्यावर प्रेम करतो, पण तिला आत घेत नाही. ती का वगळली जाते हे त्याला सांगता येत नाही. त्याला तो प्रश्नच पडलेला नाही.

फ्रँकी काय करते? ती मंडळीच्या म्होरक्याच्या नावानं ई-मेल पाठवते आणि सगळ्या मुलांना कामाला लावते. शाळेच्या भिंतींवरच्या पुरुषांच्या जुन्या तसबिरींवर ब्रेसियर्स चढतात. भोजनगृहातल्या भाज्यांवरून बंड होतं आणि खरोखरच सॅलड सुधारतं. सगळी शाळा त्या अज्ञात डोक्याचं कौतुक करते. म्होरक्या ते श्रेय गपचूप घेतो, कारण आपण नाही असं म्हणणं त्याला परवडणारं नाही. आणि हे सगळं एका मुलीनं केलं असं कळतं त्या क्षणी तीच हुशारी वेडेपणा ठरते. अधूनमधून फ्रँकी वुडहाउस वाचते, आणि समाज लोकांवर नजर ठेवून त्यांना कसा शिस्तीत ठेवतो याबद्दलचा मिशेल फुको यांचा विचार वर्गात शिकते. पंधरा वर्षांच्या वाचकाला फुको समजावून सांगणं आणि पान उलटायला लावणं, या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात जमणं सोपं नाही. ते ‘नॅशनल बुक अवॉर्ड’च्या अंतिम यादीत आलं आणि २००९मध्ये त्याला किशोरसाहित्यातला प्रिंट्झ सन्मान मिळाला.

या पुस्तकात कुणी किमतीचं लेबल वाचत नाही. ‘गॉसिप गर्ल’शी तुलना केली की हा फरक डोळ्यांत भरतो. झीगेझार यांची पात्रं काय घालतात हे वाचकाला पक्कं ठाऊक होतं. लॉकहार्ट यांची पात्रं काय घालतात ते फारसं आठवत नाही. ती कुणाच्या ओळखीनं कुठे पोचतात, हे आठवतं. नव्या पैशाला दाखवावंसं वाटतं. जुन्या पैशाला दाखवण्याची गरज उरलेली नसते, आणि लॉकहार्ट यांचा विषय हा जुना पैसा आहे.

तो पूर्णपणे उलगडतो बेटावर.

बीचवूड हे बेट काल्पनिक, मार्था’ज व्हिनयार्डच्या जवळ कल्पिलेलं. मालक हॅरिस सिंक्लेअर. त्यांनी तिन्ही मुलींसाठी बेटावर एकेक घर बांधलं. कॅरीचं रेड गेट, पेनीचं विंडमिअर, बेसचं कडलडाउन. सगळ्यांत मोठं, क्लेअरमाँट, त्यांचं स्वतःचं. पेनीची मुलगी केडन्स ही थोरली नात आणि निवेदिका. ती, मावसभाऊ जॉनी, मावसबहीण मिरन आणि गॅट अशा चौघांच्या टोळीला घरचे ‘लायर्स’ म्हणतात. पंधराव्या वर्षीच्या उन्हाळ्यात काहीतरी घडतं. केडन्स समुद्रकाठी सापडते. त्यानंतर तिला भयंकर डोकेदुखी जडते आणि त्या उन्हाळ्यातला मोठा तुकडा स्मरणातून पुसला जातो. घरातलं कुणी तिला काय झालं ते सांगत नाही. दोन वर्षांनी ती बेटावर परत येते तेव्हा क्लेअरमाँटच्या जागी एक नवं, कोरं घर उभं असतं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. प्रकाशकांनी तर जाहिरातच अशी केली होती की शेवट कुणी विचारला तर खोटं सांगा. तो डाव इतका यशस्वी झाला की पुष्कळांनी हे पुस्तक शेवटच्या धक्क्यासाठीच लक्षात ठेवलं. हे थोडं अन्यायाचं आहे, कारण पुस्तकातली खरी वेदना त्या धक्क्याच्या आधीच्या पानांत आहे. आजी वारल्यावर तिन्ही लेकी आईच्या दागिन्यांवरून, मेजावरच्या आच्छादनांवरून, हस्तिदंती मूर्तींवरून भांडू लागतात. तिघी शिकलेल्या, तिघींचे संसार मोडलेले, तिघीही बापाच्या पैशावर अवलंबून. बाप मृत्युपत्राचा विषय काढतो आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं बोलतो. मग आया मुलांना पुढे करतात. आजोबांकडे जा, त्यांना सांग की हे घर तुला किती आवडतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या तोंडून घरं मागितली जातात.

वाटणीचा हा वास मराठी वाचकाला अनोळखी नाही. बांधावरून, वाड्यातल्या खोलीवरून बोलणं तुटलेली घरं प्रत्येकाच्या पाहण्यात असतात. लॉकहार्ट यांच्यासमोर मात्र शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ होता. केडन्स मधूनमधून परीकथा रचते, एका राजाच्या आणि त्याच्या तीन सुंदर मुलींच्या. दर वेळी त्याच तिघी, दर वेळी वेगळा शेवट. हाच लिअर आपल्याकडे वि. वा. शिरवाडकरांच्या मनात होता तेव्हा १९७०मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर घराघरांत पोचले. विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणलाच. गणपतराव काय किंवा लिअर काय, दोघांची चूक एकच. हातातलं सगळं देऊन टाकलं आणि मग मुलांच्या दाराशी उभे राहिले. हॅरिस सिंक्लेअर ती चूक करत नाहीत. ते शेवटपर्यंत काही देत नाहीत. देऊ असं म्हणत राहतात. लिअरची शोकांतिका म्हाताऱ्याची होती. इथे म्हातारा सुरक्षित आहे आणि किंमत नातवंडं मोजतात. जुन्या नाटकाची ही बाजू उलटवून पाहणं हे लॉकहार्ट यांचं सगळ्यांत मोठं काम आहे, असं हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना खात्रीनं वाटतं.

आणि या सगळ्याचा साक्षीदार गॅट. गॅटचा काका एड पाटील कॅरीला लग्नाचं विचारतो, ती नाही म्हणते. प्रेम नाही म्हणून नव्हे. भारतीय जावई बापाला चालणार नाही आणि मग वारशाचं काय, ही भीती आहे. हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. गॅट बोलतो, तेही फक्त केडन्सशी. आपलं नाव घेतलं जात नाही हे तो तिला दाखवून देतो तेव्हा ती चकित होते. इतकी वर्षं तिच्या कानांवर ते पडत होतं आणि तिला ते ऐकू आलं नव्हतं. स्वतःला तो ‘वदरिंग हाइट्स’मधल्या हीथक्लिफच्या जागी पाहतो. चांगल्या घरात आणलेला, प्रेम मिळालेला आणि तरीही कधीच आतला न झालेला मुलगा.

आडनावाबद्दल थोडं. लॉकहार्ट यांनी गॅटची मुळं महाराष्ट्रात आहेत असं काही रंगवलेलं नाही. पण हे पुस्तक हातात घेणाऱ्या मराठी मुलाला किंवा मुलीला एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. आपल्या गावगाड्यात पाटील हा बाहेर ताटकळणारा माणूस कधीच नव्हता. जमीन त्याची, वाडा त्याचा, कुणाला ओसरीवर बसवायचं आणि कुणाला अंगणातच उभं ठेवायचं हे ठरवणारा तो. बेटावर तोच पाटील अंगणात आहे. ही जागा बदलू शकते, एका समुद्राच्या अंतरानं मालकाचा पाहुणा होतो, हे कळणं कोणत्याही वतनदार घरातल्या मुलाला उपयोगी आहे.

अशी बेटं खरोखर आहेत का, असा प्रश्न पडतो. आहेत. त्याच किनाऱ्यावर एलिझाबेथ बेटांच्या रांगेत नॉशॉन नावाचं बेट आहे. ते १८४०च्या दशकापासून बॉस्टनच्या फोर्ब्ज घराण्याकडे आहे. जॉन मरे फोर्ब्ज यांची संपत्ती उभी राहिली ती चीनच्या व्यापारातून, ‘रसेल अँड कंपनी’ या पेढीत. ही पेढी चहा-रेशमाबरोबर अफूचाही व्यवहार करत होती. त्याच काळात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि मुंबईतल्या धनिकांच्याही तिजोऱ्या भरत होती. बीचवूड आणि नॉशॉन यांचा संबंध जोडण्याचं कारण नाही. पण जुना पैसा पुरेसा जुना झाला की तो कुठून आला हे विचारणं असभ्य ठरतं, आणि लॉकहार्ट यांची मुलं नेमका तोच असभ्य प्रश्न विचारायला लागतात.

लॉकहार्ट यांची भाषाही याच कामाला जुंपलेली आहे. केडन्सची वाक्यं तुटतात, ओळी कवितेसारख्या खाली उतरतात. वडील घर सोडून जातात तेव्हा ती सांगते की त्यांनी माझ्या छातीत गोळी घातली, रक्त अंगणात सांडलं. वाचक दचकतो, आणि मग कळतं की ही फक्त वेदनेची भाषा आहे. आईचं म्हणणं एवढंच, की सावर, सरळ उभी राहा, काही झालं नाही असं वाग. घराण्यात रडायची परवानगी नाही, म्हणून रडणं असं रक्तासारखं बाहेर येतं. पुढे केडन्स केस काळे रंगवते आणि आपल्या मालकीच्या वस्तू एकेक करून देऊन टाकू लागते. काही टीकाकारांना ही शैली भडक वाटली. पण ज्या मुलीला घरानं शांत राहायला शिकवलं आहे, तिच्या डोक्यातला आवाज याहून शांत असता तर खोटा वाटला असता.

गॅटच्या चित्रणाबद्दलचा आक्षेप मात्र गंभीर आहे. तो सुंदर बोलतो, बरोबर बोलतो, केडन्सचे डोळे उघडतो, आणि त्याचं स्वतःचं घर, न्यूयॉर्कमधली आई, तिथलं आयुष्य पुस्तकात जवळजवळ दिसत नाही. पाटील हा सिंक्लेअरांच्या सदसद्विवेकबुद्धीसारखा वापरला जातो. निवेदन केडन्सचं आहे आणि तिला त्याच्या घराबद्दल कुतूहल नव्हतं, हेच दाखवायचं आहे, असा बचाव करता येतो. तो बराचसा पटतोही. तरी वाचकाची भूक राहतेच. मालिकेत शुभम माहेश्वरीनं गॅट आणि राहुल कोहली यांनी एड साकारला आहे. तिथे वर्ण आणि वारसा यांच्याबद्दलचं बोलणं पुस्तकाहून जास्त उघडपणे येतं, हे चांगलं झालं.

कुणाला कुठे बसवायचं, या प्रश्नाची ठेच लेखिकेला स्वतःलाही लागली आहे. २०१५मध्ये एमिली जेन्किन्स या नावानं त्यांनी ‘अ फाइन डिझर्ट’ हे चित्रपुस्तक लिहिलं. चित्रं सोफी ब्लॅकल यांची. चार शतकांतली चार कुटुंबं ब्लॅकबेरी आणि सायीचा एकच गोड पदार्थ करतात, अशी छान कल्पना. दुसरं घर १८१०चं, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचं. तिथे पदार्थ करणाऱ्या मायलेकी गुलाम आहेत. मालकांना वाढून झाल्यावर त्या कपाटात लपून भांडं चाटतात. पुस्तकाचं आधी कौतुक झालं, मग जोराची टीका झाली. गुलामगिरीतल्या आईचं आणि मुलीचं हसणं गोजिरं कसं दाखवता, असा प्रश्न कृष्णवर्णीय वाचक आणि ग्रंथपालांनी विचारला. जेन्किन्स यांनी सारवासारव केली नाही. त्यांनी जाहीर माफी मागितली आणि या पुस्तकाचं आपलं मानधन बालसाहित्यात सर्व समाजांना जागा मिळावी म्हणून काम करणाऱ्या ‘वुई नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेला देऊन टाकलं. असं वागणं लेखकांत वारंवार दिसत नाही.

२०१७ची ‘जेन्युइन फ्रॉड’ ही कादंबरी मागून पुढे जाते. बहुतांश गोष्ट शेवटाकडून सुरुवातीकडे सरकते. पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’चा हा मुलींमधला अवतार. इमोजेन ही वारसदार, पैशानं मोकळी, कुठेही जाणारी, कुणालाही सोडून देणारी. ज्यूल ही कुणीच नसलेली, आणि म्हणून कुणीही होऊ शकणारी. कथानक चलाख आहे, पण बेटावरच्या गोष्टीत जो जीव आहे तो इथे कमी जाणवतो. कारण उघड आहे. इमोजेनच्या श्रीमंतीमागे घर दिसत नाही आणि लॉकहार्ट यांची लेखणी खरी तापते ती घरातल्या जेवणाच्या मेजापाशी.

म्हणून त्या परत बेटावर गेल्या. २०२२ची ‘फॅमिली ऑफ लायर्स’ ही आधीच्या पिढीची कहाणी. साल १९८७. पुढे वाटणीवरून भांडणाऱ्या त्या तीन बहिणी इथे स्वतः किशोरवयीन आहेत आणि कॅरी बोलते आहे. सगळ्यांत धाकटी बहीण रोझमेरी बुडून गेलेली आहे, आणि घरात तिचं नावही काढायचं नाही. कॅरीच्या जबड्याची ठेवण घराण्याच्या ठाशीव हनुवटीत बसत नाही, म्हणून शस्त्रक्रिया करून तो ‘नीट’ केला जातो. दुखणं थांबवायच्या गोळ्या मिळतात आणि त्यांची सवय लागते. दुःखावर बोलायचं नाही आणि दुखण्यावर गोळी घ्यायची, हा धडा ती सोळा-सतराव्या वर्षी शिकते. पहिल्या पुस्तकात लोभी आणि कोरडी वाटलेली मावशी इथे कळवळून समजते. वारसा म्हणून केवळ घरं दिली जात नाहीत, गप्प राहण्याची रीतही आईकडून मुलीकडे जाते, हे या दुसऱ्या पुस्तकानं पक्कं केलं.

इतक्या सुखात वाढलेल्या मुलांच्या दुःखाबद्दल वाचून काय मिळणार, असं विचारणारे वाचक असतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. जगातल्या बहुतेक पंधरा वर्षांच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बेट काय, स्वतंत्र खोलीही मिळत नाही. पण किशोरवय हे घराकडे पहिल्यांदा बाहेरून पाहायचं वय असतं. आपल्या घरात कामाला येणारी बाई कुठे राहते, आजोबांची जमीन कोण कसत होतं, जेवताना अमुक काकांचं नाव का निघत नाही, हे प्रश्न त्याच वयात सुचतात आणि पुष्कळदा त्याच वयात दडपलेही जातात. बेटाच्या मानानं आपलं घर लहान असेल. प्रश्न तेच असतात. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या सुस्थितीतल्या घरातल्या मुलीनं हे पुस्तक वाचून आपल्या आजोबांकडे नव्यानं पाहिलं, तर ते या पुस्तकाचं मोठंच यश म्हणायला हवं.

मालिकेच्या दुसऱ्या हंगामाची घोषणा झाली आहे. त्याच जगातली नवी कादंबरी, ‘वुई फेल अपार्ट’, २०२५च्या नोव्हेंबरमध्ये आली. यात निवेदिका सिंक्लेअरांच्या बेटावर वाढलेली नाही. मटिल्डा नावाच्या मुलीला, कधीही न भेटलेल्या वडिलांकडून, किंग्जली चेलो या प्रसिद्ध चित्रकाराकडून, एक निरोप येतो आणि ती मार्था’ज व्हिनयार्डवरच्या त्यांच्या समुद्रकाठच्या वाड्यावर पोचते. तिथे वडील नाहीत. तिथे राहणारी मुलं आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी लपवायचं आहे. पहिल्या पुस्तकात आतली मुलगी बोलत होती आणि बाहेरून आलेला मुलगा तिच्या डोळ्यांतून दिसत होता. या वेळी मोठ्या घराचा उंबरा ओलांडून आत येणारीच मुलगी गोष्ट सांगते आहे.